दूधवाल्याचा कॅम

"मागं वजन काय राह्यते?" फरजानाबीने विचारलं.

"घरचंच," किसनराव म्हणाले.

"घरचं म्हंजे? शिलिंडर का?"

"बायको."

फरजानाबीने मान हलवली आणि ती मागच्या फळीकडे वळली. अकोल्यातल्या त्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानात ती एकटीच बसे. तिच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, गाडीवरचं वजन आणि गाडीखालचा रस्ता. वजन सिलिंडरचं आहे की सात जन्मांच्या सोबतिणीचं, याच्याशी इंजिनाला काही देणंघेणं नसतं.

"अन् चढ?"

"रेल्वेचा पूल. अमरावतीले. घर तिकडं, गाव इकडं, मधात पूल."

"रोजचा?"

"रोजचाच," किसनराव म्हणाले आणि समोरच्या स्टुलावर बसले. अमरावतीहून एसटीने येईस्तोवर त्यांची पाठ धरली होती.

किसनराव अमरावतीच्या एका खाजगी दवाखान्यात लिफ्टमन होते. उभ्या नोकरीत त्यांनी हजारो लोकांना वर पोचवलं. दवाखाना असल्यामुळे हे वाक्य ते जपून वापरीत. निवृत्त व्हायच्या बऱ्याच आधी त्यांनी वरूडच्या एका संत्राव्यापाऱ्याच्या पोराकडून जुनी मोटारसायकल घेतली. दिसायला चांगली होती. पोरगं म्हणालं होतं, उडते. ती सपाटीवर खरंच उडायची. पुलाच्या चढाला लागली की मात्र दम लागलेल्या म्हशीसारखी घशातून आवाज काढून बंद पडायची.

पहिल्याच आठवड्यात पुलाच्या पायथ्याशी, रसवंतीपाशी, किसनराव मागे न वळता म्हणाले होते, "उतर वं मैना. तुया वजनानं नाई चढून राहिली."

ते सहज म्हणाले. मैनाबाईंनी सहज घेतलं नाही. त्या उतरल्या, पूल पायी चढल्या, आणि त्या दिवसापासून रात्रीच्या भाकरीची अर्धी मोडून टोपल्यात परत ठेवू लागल्या. पुढे तूप सोडलं. पुढे पितळी डबा सोबत आणणं सोडलं. किसनरावांनीही आपल्या बाजूने हातभार लावला. त्यांनी गाडीची झोळी काढली, मागचं स्टेपनीसारखं दिसणारं पण स्टेपनी नसलेलं काहीतरी काढलं, शेवटी दोन्ही आरसे काढले. गाडी चढेना. मैनाबाई दर वर्षी थोड्या कमी होत गेल्या आणि पूल होता तेवढाच राहिला.

मग पद्धतच पडून गेली. रसवंती आली की किसनराव गाडी हळू करीत, मैनाबाई न सांगता उतरत. किसनराव एकटे कुथत वर जात आणि कठड्याला गाडी लावून वाट पाहत. मैनाबाई दिव्याच्या एकेका खांबापाशी थांबत वर येत. मग दोघं उतारावरून जोडीने खाली जात. उताराला गाडीने कधीच तक्रार केली नाही.

यंदा मैनाबाईंच्या गुडघ्यांनी तक्रार केली. डॉक्टर म्हणाले, चढ बंद. गुडघ्याला मालिश करणारी बाई पुलापलीकडे, आणि तिच्याकडे जायला पूल. किसनरावांनी गाडी कुर्बानच्या गॅरेजात टाकली. कुर्बानने इंजिनाचं डोकं उघडलं, आतून वीतभरही नसलेला एक दांडा काढला आणि हसायला लागला.

"किसनभाऊ, हा कोनं टाकला?"

"काय आहे ते?"

"कॅम. हे दोन उंचवटे दिसतेत ना? हे फिरले की झडपा उघडतेत. हा रेसचा हाय. याचं पोट पाहा केवढं. झडप लय वेळ उघडी राह्यते. जोरात पळवली तं झकास. हळू चालवली तं आत घेतलेली हवा वापस बाहीर. चढावर ताकद येईन कुठून?"

"म्हंजे... वजन?"

"कायचं वजन? भाभी तं अर्ध्या राह्यल्या आता. बरोबर कॅम असता तं तुमी दोघं अन् मधात एक बकरी घेऊन चढले असते."

किसनरावांना बकरी डोळ्यांपुढे आली नाही. टोपल्यातली अर्धी भाकर आली.

"दुसरा कुठं भेटन?" त्यांनी विचारलं. कुर्बानने फरजानाबीचं नाव सांगितलं.

आता फरजानाबीने गल्ल्यावर कागद पसरून दोन कॅम मांडले. किसनरावांनी आपला जुना रुमालातून काढून शेजारी ठेवला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लोक दुसऱ्याच्या जावयाकडे पाहतात.

"हा कंपनीचा," ती म्हणाली. "पळन बी, चढन बी. अन् हा दूधवाल्याचा."

"त्याचं काय?"

"दूधवाले नेतेत, दोन्हीकून कॅन लटकवतेत ना, म्हनून. हा बारीक हाय, पाहा. झडप थोडी उघडते, लवकर मिटते. घेतलेला दम सोडत नाई. हळू चालवा, ओझं घाला, ओढतेच. पन चाचा, सांगून ठेवते, पळनार नाई. सत्तरच्या पुढं रडन."

"आमाले कुठं पळायचं आहे आता."

"तरी कंपनीचा घ्या मी म्हंते. तो बी चढन तुमचा पूल. पयल्या गेरात घ्यायचा, जरा वरडन, पन चढन."

किसनरावांनी कंपनीचा हातात घेतला होता, तो खाली ठेवला.

"वरडन?"

"थोडा. त्यात काय?"

"नाई," किसनराव म्हणाले. "वरडाले नको. गाडीले तरास होऊन राहिला, हे मागं बसलेल्याले ऐकू नाई आलं पायजे."

फरजानाबीने दूधवाल्याचा कॅम तेलाच्या फडक्याने पुसला आणि कागदात गुंडाळला.

कुर्बानने कॅम बसवला. घरी किसनरावांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं तर होतंच, पण समोर बसून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. त्यांनी ठरवलं, पुलावर सांगायचं. लिफ्टमध्येही ते आयुष्यभर माणसांकडे पाठ करूनच बोलत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. रसवंती दिसली. दूधवाल्याच्या कॅमची खरी गंमत हळू चालण्यात आहे, म्हणून किसनरावांनी गाडी मुद्दाम हळू केली. इतकी हळू, की रसवंतीवाल्याने सवयीने मैनाबाईंना राम राम घातला. मग त्यांनी मूठ पिळली.

गाडी चढली. आवाज नाही, कुथणं नाही, उकळत्या वरणासारखा एकसारखा बुडबुड आवाज, बस.

"पाह्यलं का मैना?" ते समोर बघत म्हणाले. मागून उत्तर आलं नाही. त्यांना ते बरंच वाटलं. "आयक. तुयं वजन नोतं वं. कधीच नोतं. इंजिनातच खोट होती. मले का माईत? म्या तुले उगाच चालवलं. उगाच उपाशी ठेवलं. चुकलंच मायं."

एवढं एका दमात ते लग्नातही बोलले नव्हते. पूल संपत आला. ते कठड्यापाशी थांबले, बोलून हलके झाले होते, आणि मागे वळले.

गाडीला नवा कॅम होता. मागे कोणी नव्हतं.

मैनाबाई खाली दुसऱ्या खांबापाशी होत्या. एक हात कठड्यावर, एक गुडघ्यावर.

किसनरावांनी गाडी वळवली. समोरून येणारा ऑटोवाला ओरडला, "काका, उलटे कुठं चालले?" किसनरावांना ते सांगता आलं नसतं.

"काहून उतरली?"

"तुमी थांबले ना रसवंतीपाशी."

"थांबलो नोतो. हळू केली होती."

"तेच ते." मैनाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "चढली का पन?"

"चढली."

"आवाज बी नाई केला आज," मैनाबाईंच्या चेहऱ्यावर एवढ्या चढातही समाधान आलं. "म्या म्हनलं नोतं? मांगच्या महिन्यात भात बी सोडला म्या. उपेग झाला."

किसनरावांनी मागची सीट हाताने पुसली. "बस," ते म्हणाले.

ते त्यांना घेऊन परत खाली गेले, रसवंतीला वळसा घातला आणि पुन्हा चढाला लागले. रसवंतीवाल्याने पुन्हा राम राम घातला. या वेळी किसनरावांच्या खांद्यावर हात होता. पाठमोरं बोलायला आता सगळं जमून आलं होतं, पण ते सगळं मघाशी बोलून संपलं होतं. गाडी वर आली. किसनराव सवयीने कठड्यापाशी थांबले. मागचं माणूस गाडीवरच असताना इथे थांबून काय करायचं, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"कुर्बाननं काई केलं का?" मैनाबाईंनीच विचारलं.

"कॅम बदलला."

"मंग जुन्यातच खोट होती?"

"हो."

"पयलेपासून?"

खालून मालगाडी जात होती. ती जाईपर्यंत किसनराव थांबले.

"पयलेपासून."

मैनाबाईंनी खांद्यावरचा हात काढला, पदर नीट केला, आणि हात परत ठेवला.

"चला," त्या म्हणाल्या. "मालिशवाली वाट पाहून राहिली असन."

त्या रात्री किसनरावांनी स्वतः पुढे होऊन ताटात अख्खी भाकर वाढली, वर तूप सोडलं. भातही वाढला. मैनाबाईंनी भात खाल्ला. भाकर हातात घेतली, मधोमध मोडली, आणि वांग्याच्या भाजीत मीठ कमी झालंय असं काहीतरी सांगता सांगता अर्धी टोपल्यात परत ठेवली.