तारेपलीकडचे काळे बदाम

वहिनीचं डोकं फिरलं होतं, आणि का फिरू नये? हंगामात झाडावर राहून गेलेले बदाम काळे पडून तिथेच चिकटतात, आणि थंडीभर त्यांच्या पोटात अळी आरामात लोळते. ते पाडून चेचले नाहीत, तर पुढे तिचे पतंग होऊन नव्या पिकावर तुटून पडतात. वहिनीने तळहातांना फोड येईपर्यंत आपली बाग काठीने झोडपली होती. आणि तारेपलीकडे धाकट्या दिराची झाडं काळ्या बदामांनी लगडलेली! पतंगाला तार थोडीच अडवते? गेल्या वर्षी ह्याच्या आळसापायी तिचा किडका माल व्यापाऱ्याने परत धाडला होता. यंदाही तेच झालं, तर बाग विकायची पाळी येणार होती.

तिने त्याच्या झाडाचे ओंजळभर बदाम तोडले, काठी घेऊन तडक त्याच्या स्वयंपाकघरात शिरली आणि ते ताटाशेजारी ओतले. एक फोडला. पांढरी अळी वळवळत बाहेर आली.

“वहिनी, जेवतोय मी!”

“तीपण जेवतेय. माझं पीक.”

“उन्हाळ्यात फवारणी करू की.”

“कवचाआड बसलेल्या अळीला तुझी फवारणी काय गुदगुल्या करणार? गेल्या वर्षीही हेच सांगितलंस, तोंड वर करून!”

दिराने ताट सरकवलं. “हे काम दादा करायचा. दोन्ही बागांचं. तो गेल्यापासून मला तिथे पाऊल टाकवत नाही.”

गेलेल्या माणसाचं नाव काढलं की समोरचा गप्प होतो, हे दिराला पक्कं ठाऊक होतं. वहिनीचा मात्र पारा आणखी चढला.

“आणि मला टाकवतं? रडायला तू मोकळा, आणि राबायला मी? हे गेले म्हणून अळ्या उपाशी बसल्या नाहीत!”

तिने काठी त्याच्या अंगावर फेकली. तोही चिडला. काठी उचलून तरातरा बागेत गेला, वहिनी त्याच्या मागोमाग, आणि पहिल्याच झाडावर तो असा तुटून पडला की कळ्यांनी भरलेली फांदी काडकन मोडली.

“अरे, बदामाला मार, झाडाला नको!”

“मला नाही येत!” तो ओरडला. त्याचे डोळे भरले होते. “दादाने कधी काठी हातात दिलीच नाही.”

क्षणभर वहिनीला नवऱ्याचाच संताप आला. सगळं एकट्याने करून बसला, आणि गेला.

“मला दिली होती?” ती म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडे बोट दाखवलं.