पिवळी रेघ

धोंड्याच्या महिन्यात लोकांचे जावई भूक घेऊन येतात. आमचे आले ते चार शॉकअप घेऊन.

खोकं पोर्चमध्ये ठेवलं आन् म्हणाले, "बाबा, आपण दोघं मिळून बसवू." आपण दोघं! मी, पुंजाराम, एकतीस वर्षं वाळूजला शॉकअपच्याच कंपनीत काढली, त्यातली शेवटची बारा तपासणीत. आन् हिमांशू, आमचे जावईबापू, पुण्यात कॉम्प्युटरवर बसणारे. जन्मात सायकलची चेन तरी चढवली असंल का, देव जाणे.

गाडी त्यांचीबी नाय. गाडी माझ्या मोनिकाची. लाल, बुटकी, दोन दारांची, कुणीतरी वापरून सोडलेली. पोरीनं स्वतःच्या पगारातनं घेतली. स्पोर्ट्स कार म्हणे. संध्याकाळी हीच गाडी घेऊन दोघं पुण्याला निघणार, स्टेअरिंगवर तीच, आन् रस्ता मोकळा दिसला की तिचा पाय किती जड होतो ते मला ठावं हाय. शॉकअपच्या खालच्या बोल्टात कसर राहिली तर चाक सरळ राहत नाय. वेगात असं झालं तर पोरगी जाईल माझी. म्हणून म्हटलं होतं, या कामात दुसऱ्याचा हात नको.

वस्तू चांगली होती, खोटं कशाला बोलू. शॉकअपच्या अंगावर आटे, त्यावर स्प्रिंग, स्प्रिंगखाली रिंग. रिंग फिरवली की गाडी पाहिजे तेवढी वर, नाहीतर खाली. जावईबापूंना ती पार जमिनीला टेकवायची होती.

"आमच्या गल्लीतला गतिरोधक बघितला का?" मी विचारलं.

"पण बाबा, व्हिडिओत तर एवढीच ठेवलीय."

व्हिडिओतल्या माणसाच्या गल्लीत गतिरोधक नसंल. मी गाडी दोन बोटं वर ठेवली आन् विषय संपवला.

तेवढ्यावर भागलं असतं तर काय पाहिजे होतं! आमच्या लाइनीवर एक शिस्त होती. टॉर्क पाना लावायचा, ठरलेल्या जोराला तो 'टक्' वाजतो, मग त्या नटावर पिवळ्या पेनानं रेघ. रेघ दिसली की काम संपलं. पुन्हा त्याला कुणी हात लावायचा नाय. आन् जावईबापू माझी रेघ वाळायच्या आत एकेक नट बोटानं फिरवून बघायचे. वर म्हणायचे, "सवय आहे, बाबा. आमच्याकडं दुसऱ्यानं तपासल्याशिवाय काम पुढं जातच नाही."

अंगाची लाही लाही झाली. आधीच मे महिन्याचं ऊन, वर तापलेला पत्रा. पण धोंड्याला आलेला जावई म्हंजी नारायण, त्याला बोलायची सोय नाय. खिडकीत आमची लक्ष्मीबाई डोळे वटारून उभी. मग मी मोनिकावर ओरडायचो. "काय गं, बापाच्या कामावर भरवसा नाय का?" लेकी बोले सुने लागे म्हणतात, माझं लेकी बोले जावया लागे चाललं होतं. आन् लागत तर काहीच नव्हतं. ते हसायचे आन् पुढचा नट फिरवायचे.

तीन चाकं झाली. राहिलं पुढचं उजवं, पोरीच्या बाजूचं. तिथला शॉकअप जागेवर बसवला, खालचे दोन मोठे बोल्ट हातानं लावले, तेवढ्यात लक्ष्मीबाईची तिसरी हाक आली.

"आवो, पुरण गार झालं! जावयाला किती वेळ उपाशी ठेवता?"

जावईबापू आधीच हात धुवायला गेलेले. टॉर्क पाना डाव्या चाकापाशी राहिला होता, पेन माझ्या खिशात. हाताला सवय, नट लागला की हात खिशात जातो. दोन्हींवर झरझर रेघा ओढल्या आन् पळालो.

परातीत जावयाचे पाय मीच धुतले. पायावर माझ्याच ग्रीसचे डाग, ते निघंनात. लक्ष्मीबाई म्हणे, "जरा जोर लावा की!" मग तेहतीस अनारशांचं ताट, वर दिवा, मग धोंडे आन् तूप. जावयाला आग्रह करता करता चार धोंडे मीच हाणले.

परत आलो ते डोळ्यावर झापड घेऊनच. उजव्या चाकापाशी वाकून बघितलं. दोन्ही नटांवर पिवळी रेघ.

"झालं हे. चाक चढवा."

जावईबापू खाली बसले. "बाबा, इकडचा टक् ऐकल्याचं आठवत नाही मला. एकदा हात लावून बघू?"

बस्स. सकाळपासून गिळलेलं सगळं वर आलं.

"मोबाईलात डोकं घातल्यावर टक् ऐकू येणार कसा? एकतीस वर्षं! माझी रेघ असलेला एक नग परत आला नाय कधी! पोरगी तुमच्याआधी माझी हाय. तिच्या जिवाची काळजी मला शिकवता व्हय?"

शेजारपाजारचे गेटपाशी आले. लक्ष्मीबाईनं तोंडाला पदर लावला. जावईबापूंनी हात मागं घेतला, "बरं, बाबा," एवढंच म्हणाले आन् गाडीतल्या पान्यानं चाक आवळून टाकलं.

"पप्पा, धोंड्याला बोलावून असं बोलतात का?" मोनिका म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं नाय. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

साडेपाचला निघायची तयारी झाली. डबे आत गेले, मोनिका स्टेअरिंगवर बसली, इंजिन चालू झालं. मी हत्यारं पेटीत भरत होतो. टॉर्क पाना सापडंना. शेवटी दिसला डाव्या चाकापाशी, माझ्या फडक्याखाली, जेवणाआधी ठेवला होता तिथंच.

उचलला आन् ध्यानात आलं. हा दुपारपासून इथंच होता. मग उजवीकडं काय लावलं मी?

गाडी हलली.

"थांब! मोनी, थांब!" बॉनेटवर दोन्ही हात आपटून मी गाडीला आडवा झालो.

चाक उतरवलं. रेघ तशीच होती, सरळ, ठसठशीत. नटाला दोन बोटं लावली. फिरला. दुसरा त्याच्याहून सैल. नगर रोडवर ट्रकांच्या मधनं जाणारी पोरगी डोळ्यापुढं आली आन् मी तिथंच फरशीवर बसलो.

वाटलं, आता बोलतील. त्यांच्या जागी मी असतो तर सगळी गल्ली गोळा केली असती. जावईबापूंनी तांब्याभर पाणी आणून दिलं आन् पाना उचलला.

"कसा धरायचा, दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी जोर लावला. टक्. दुसऱ्याला लावला. टक्.

"आता बाकीची तीनबी उतरवा," मी म्हटलं. "माझे सगळे नट एकदा बघा."

"ते बघितलेत, बाबा," ते म्हणाले. "सकाळीच. हे दोनच राहिले होते."

मी फडक्यानं त्या दोन्ही रेघा पुसल्या. खिशातला पेन काढून त्यांच्या हातात दिला.

"ओढा."

त्यांनी दोन्हींवर ओढली. लई वाकडी आली. मी चाक चढवायला घेतलं.