कुलूपकाका आणि ब्याण्णव टक्के

गळ्याशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी इथल्या इथे गळून पडो!

मनगट दुखतंय म्हणून मी दवाखान्यात गेले, तर एक्स-रे बंद. नवा सर्व्हर आणलेला आणि त्यात सॉफ्टवेअर बसवायला कोण? माझीच नात. तीन दिवस झाले, बसेना. पडद्यावरची पट्टी ब्याण्णव टक्क्यांपर्यंत जायची आणि गप्प. मग लाल अक्षरं: परवाना तपासता आला नाही. हे तिचं एकटीने घेतलेलं पहिलंच काम. आज चारपर्यंत झालं नाही, तर तिचे साहेब ते दुसऱ्याला देणार होते.

मी विणकाम काढून शेजारी बसले. अख्खी बाही झाली, पट्टी तिथेच.

"हे अडतंय कुठे गं?"

"परवाना खरा आहे का, ते कंपनीला विचारायला नेटवरून बाहेर जातं, आजी. ती वाटच बंद आहे. माझ्या फोनवर कंपनीचं पान उघडतं, सर्व्हरवर नाही."

नेटची सगळी कुलपं वरच्या मजल्यावरच्या कुलूपकाकांकडे. तिने त्यांना सहाव्यांदा फोन लावला.

"अहो, उघडंच आहे! आत्ता समोर दिसतंय मला ते पान."

नातीने टेबलावर डोकं टेकलं. "दमले गं. जाऊ दे आता."

मी उठले. चारशे पायऱ्या चढले.

"काका, तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला कुलूप आहे?"

"मला कशाला? लावतो कोण? मीच ना!"

"मग तुम्हाला सगळं उघडंच दिसणार! चला, तिच्या खुर्चीत बसून दाखवा."

बसले. टिचकी मारली. पान नाही. परत मारली. कान लाल. लोक मॅच बघतात म्हणून मागच्याच आठवड्यात त्यांनी सरसकट सगळं बंद केलं होतं, स्वतःचं तेवढं मोकळं ठेवून. आता मुकाट्याने वर जाऊन मोकळ्या पत्त्यांच्या यादीत कंपनीचा पत्ता घातला.

ब्याण्णव. त्र्याण्णव. शंभर! चारला दहा मिनिटं कमी होती. नात हसलीसुद्धा नाही, नुसती खुर्चीत ओघळली.

"पहिला एक्स-रे तुझा, आजी. दे मनगट." मग तिची नजर माझ्या मांडीवरच्या विणकामावर गेली. "दुखऱ्या हाताने एवढी बाही विणलीस?"

बरं बाई, मनगटाचं तेवढं मी रचलं. तीन दिवस पोरीचा चेहरा बघवत नव्हता. तिथे जाऊन बसायला काहीतरी निमित्त नको?

आणि कवळीचं म्हणाल, तर ती मी गोष्ट सुरू करायच्या आधीच काढून ठेवली होती.