निम्म्या मालकीचा बंब

मी धामणपार नगरपालिकेचा आगीचा बंब. खरं सांगायचं तर सुरुवातीला मी नगरपालिकेचा निम्माच होतो.

आधी मी लष्करातला ट्रक होतो. लष्कराने मोडीत काढल्यावर नागपुरात गणेशपेठेतल्या एका मिस्त्रीने माझ्या पाठीवर पाण्याची टाकी बसवली, पंप जोडला, पितळी घंटा टांगली आणि लाल रंग दिला. ही बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराची गोष्ट. धामणपार हे कापसाचं गाव. तिथं आग लागली की नागपूरहून बंब येईपर्यंत राखच उरायची.

पण नगरपालिकेकडे पैसा कुठला? त्याच साली बाजारातला नाला बांधायचा होता. तेव्हा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचे मालक मनोहरराव पुढे आले. निम्मी किंमत मी देतो म्हणाले, फक्त बंब माझ्या आवारात उभा राहील.

सभेत रंभाबाई उठल्या. रेल्वेलाइनीपलीकडच्या बुद्धवस्तीतून निवडून आलेल्या.

"गाडी तिकडं ठेवाल, अन् आग आमच्याकडं लागली त? रेल्वेचं फाटक बंद असलं त आम्ही काय पाहत बसाचं?"

अध्यक्ष वामनराव समजुतीने म्हणाले, "बाई, निम्मा का होईना, बंब येऊन राहिला ना गावात! नाही म्हटलं त तोही जाईल."

रंभाबाई खाली बसल्या नाहीत. "मंग ठरावात एक टाका. माणसाचं घर आधी, माल मंग."

"टाका ना," मनोहरराव हसत म्हणाले. सगळ्यांचे हात वर गेले. वामनरावांचाही.

अशी माझी नोकरी सुरू झाली. माझा ड्रायव्हर गोविंदा रोज सकाळी मला चालू करून पाही आणि कुणाच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकावं तसा इंजिनाशी वाकून उभा राही. आगी थोड्या, इतर कामंच फार. मनोहररावांच्या मुलीच्या लग्नात मी मांडवापुढच्या रस्त्यावर पाणी मारलं. त्यावर नगरपालिकेची एक अख्खी सभा खर्ची पडली. माणसांना खर्चापेक्षा खर्चाची चर्चा जास्त आवडते, हे मला तेव्हा कळलं.

मग एका मार्च महिन्यात, भर दुपारी, जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीने पेट घेतला. मी तिथंच उभा होतो. गोविंदाने पाण्याचा मारा सुरू केला. वामनराव धावत आले. आग आवरत होती, तेवढ्यात वारा फिरला. पेटलेल्या कापसाचे पुंजके उडत लाइनीपलीकडे गेले आणि बुद्धवस्तीतल्या गवती छपरांवर पडले.

माझी टाकी अर्ध्यावर आली होती. आवारातल्या विहिरीला उन्हाने पाणी उरलं नव्हतं.

रंभाबाई धापा टाकत आल्या. पदर करपला होता. "वामनराव, वस्ती पेटली जी! म्हाताऱ्या माणसाइले ओढून काढून राहिले लोक!"

"बंब हलवाचा नाही," मनोहरराव ओरडले. "निम्मा माझा आहे. समोर माझा सालभराचा माल जळून राहिला!"

गोविंदा वामनरावांकडे पाहत राहिला. वामनरावांना अध्यक्ष केलं होतं ते मनोहररावांच्याच माणसांनी. त्यांनी एकदा गंजीकडे पाहिलं, एकदा रंभाबाईंच्या करपलेल्या पदराकडे.

"गोविंदा, गाडी काढ," ते म्हणाले आणि स्वतःच माझ्या पायदानावर चढले.

फाटक नशिबाने उघडं होतं. वस्तीतली पहिली ओळ गेली, मागच्या दोन वाचल्या. माणूस एकही दगावला नाही. तिकडे गंजी मात्र पार राख झाली.

मनोहररावांनी भागीदारी मोडली आणि आपले पैसे परत मागितले. नगरपालिकेचं नवं सभागृह तेव्हा जोत्यापर्यंत आलं होतं. वामनरावांनीच ठराव मांडला, की सभागृह थांबवा आणि पैसे देऊन टाका. "सभा टिनाखालीही होते," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी पूर्ण नगरपालिकेचा झालो. पुढच्या निवडणुकीत वामनराव पडले. त्यांच्या वॉर्डात बाजारपेठ होती. बुद्धवस्ती दुसऱ्या वॉर्डात, तिथल्या लोकांना त्यांना मत देता येत नव्हतं.

दोन उन्हाळ्यांनी जिनिंगमध्ये पुन्हा आग लागली. गोविंदाने काही न विचारता मला तिकडे नेलं. आग विझल्यावर मनोहरराव माझ्याजवळ आले, गरम बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग गोविंदाला म्हणाले, "चहा घेऊन जा गा." एवढंच.

आता ब्याऐंशी साल उजाडलंय. नवा बंब आलाय, गोविंदा निवृत्त झालाय. मी टिनाच्या शेडमागे विटांवर उभा आहे. येत्या महिन्यात माझा लिलाव आहे. भंगारवाला येऊन माझ्या टाकीवर टकटक करून गेला. जाण्याचं दुःख नाही. लोखंडाचं पुन्हा काहीतरी होतंच.

माझी पितळी घंटा तेवढी काढून नगरपालिकेच्या शाळेला दिली आहे. पूर्वी ती वाजली की बायाबापड्यांच्या छातीत धस्स व्हायचं. आता संध्याकाळी ती वाजते आणि पोरं आरडाओरडा करत घरी पळत सुटतात. नगरसेवकहो, मला खुशाल विका. ती घंटा मात्र तिथंच राहू द्या.