झांजेची जागा

लोह्याच्या मोबाईल दुकानातल्या स्वप्नालीने भजनाच्या कॅसेटी फोनमध्ये भरण्याआधीच ग्यानोबांना बजावलं होतं. त्यांच्या बटणांच्या फोनचं मेमरी कार्ड इवलंसं, आणि त्याहून मोठं कार्ड तो जुना फोन घेतच नव्हता. आवाज स्वच्छ ठेवला तर बावीसपैकी दोनच कॅसेटी मावणार होत्या. सगळ्या हव्या तर फाईली चेपून लहान कराव्या लागतील आणि आवाज उतरेल.

"समद्या घाल, माय," ग्यानोबा म्हणाले. "कुनालाच मागं ठेवायचं न्हाई."

त्या कॅसेटींत मिळून गावाचं अख्खं भजनी मंडळ होतं; काही माणसं तर एखाद्याच कॅसेटीत सापडायची. पेटी, मृदंग, पिराजीचा खडा गळा आणि झांजेवर स्वतः ग्यानोबा. त्यातलं आता त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. बायको जाऊन पाच वर्षं झालेली, पोरगा लातुरात नोकरीत रमलेला. बोलायला माणूस नाही, तर शेतात जाताना निदान ही मंडळी खिशात असावीत, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं होतं.

दुसऱ्या दिवशी बांधावर बसून त्यांनी फोन कानाला लावला. पिराजी आला, मृदंग आला, पेटीही आली. झांज मात्र कुठंच नव्हती. तिच्या जागी कढईत काही तळत असल्यासारखी नुसती चरचर होती. सगळे जमलेत आणि आपल्यालाच कुणी बोलावलं नाही, असं ग्यानोबांना वाटलं. ते तडक लोह्याला गेले.

स्वप्नालीने चेपण्याआधीची मोठी फाईल कॉम्प्युटरवर लावली. झांज खणखणत बाहेर आली.

"चेपताना असे बारीक, उंच आवाज आधी जातेत, बाबा," ती म्हणाली. "गळा ऱ्हातो. दोन कॅसेटी चांगल्या करून देऊ का? बाकीच्या काढाव्या लागतील."

ग्यानोबांनी कान स्पीकरजवळ नेला. स्वतःला ऐकायचा मोह भारी होता.

"मंग त्या विसातल्या मानसांनी कुठं जावं?" ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे हाय तसंच."

घरी येऊन त्यांनी खुंटीवरची झांज काढली, उपरण्याने पुसली, फोन पाटावर ठेवला आणि समोर मांडी घातली. रिकाम्या घरात फोनपुढं बसून झांज वाजवायची त्यांना लाज वाटली. तरी त्यांनी ठेका धरला. दोन ओळींत जुनी जागा सापडली.

भजन रंगात आलं तसा फोनमधला पिराजी मध्येच खेकसला. कॅसेट भरताना तो तसा खेकसला होता, आणि ते कुणी पुसलं नव्हतं.

"ग्यानोबा, लई घाई करून राहिला तू."

ग्यानोबांचा हात आताही पुढंच पळत होता. त्यांनी झांज मांडीवर टेकवली.

"हाव, दादा," ते म्हणाले आणि भजन पुन्हा पहिल्यापासून लावलं.