उम्म शाझलीची जबानी

माझं पोट कागदांवर चालतं. कंपनीतल्या दोनशे माणसांचे इकामे, म्हणजे इथं राहायचे परवाने, पासपोर्ट, विमे, बोटांचे ठसे, सगळं माझ्या बॅगेत असतं. सकाळी सातला मी सरकारी खिडकीसमोर हजर. खिडकीमागचा माणूस त्या दिवशी बायकोशी भांडून आलाय की नाही, हे मला त्याच्या शिक्का मारण्यावरून कळतं. या कामाला इथं कुवेतमध्ये मंदूब म्हणतात. एकवीस वर्षांत माझा एकही कागद परत आला नव्हता, आणि ही गोष्ट मी येईल-जाईल त्याला ऐकवत असे. आता ऐकवत नाही.

शाझली आमच्या कंपनीचा चिलरवाला. मोठ्या इमारतींच्या गच्चीवर थंड हवेची जी धूड यंत्रं असतात, ती सगळी त्याच्या हाताखालची. यंत्राच्या अंगाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसरं बेअरिंग. आठ दीस काढंल." नववा दिवस कधी निघाला नाही. डिग्रीवाले इंजिनीअर लॅपटॉप उघडून त्याच्या मागे उभे राहायचे आणि तो बोलला की टाइप करायचे.

आम्ही दोघंही इजिप्तचे. तो दक्षिणेतल्या सोहागकडचा, म्हणजे सईदी. मी तान्ताचा. आम्हा उत्तरेकडच्या लोकांना सईदी माणसाच्या अडाणीपणावर विनोद केल्याशिवाय चहा गोड लागत नाही. कुवेतच्या हवाली भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं चौदा वर्षं एकत्र राहिलो. तो तेहतीस वर्षं कुवेतमध्ये होता, पण बोलणं गावचं ते गावचंच. मुलूखियाच्या भाजीत लसूण किती घालायचा यावरून आमची रोज जुंपायची.

मग तो साठीचा नियम आला. वय साठ झालं आणि पदवी नसली तर इकामा पुढे वाढणार नाही. आधी पेपरात आला, मग खिडकीवर म्हणाले असं काही नाही, मग म्हणाले आहे, मग म्हणाले विचार चालू आहे. दर आठवड्याला नवं. मी खिडकीवरून परत आलो की कंपनीतली म्हातारी माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची आणि मला त्यांचा राग यायचा. नियम मी थोडाच केला होता?

शाझलीला ऑक्टोबरमध्ये साठ वर्षं पूर्ण होत होती. पदवी कुठली असणार, गावच्या औद्योगिक शाळेचा डिप्लोमा तेवढा होता. त्याची मुलगी नादिया अस्यूतला दातांची डॉक्टर होत होती, अजून तीन वर्षं बाकी. तीन वर्षं कशीही इथं काढायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी आम्ही फूल, म्हणजे वालासारख्या दाण्यांची आमच्याकडची उसळ, आणि कांदा खात बसलो होतो. मी म्हणालो, "तुम्हा सईदींना जन्मायची पण घाई. तीन वर्षं उशिरा आला असतास तर काय बिघडलं असतं?"

त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. "उशिराच आलोय."

"म्हणजे?"

"माज्या आदी एक भाऊ झाला. अडीच वर्सांचा असताना तापानं गेला. मग मी आलो. अब्बानं म्हनलं, कचेरीत कशाला जायचं, जन्माचा कागद घरात हाय की. त्योच मला लावला. नाव बी त्येचं, तारीख बी त्येची. खरं धरशील तर मी सत्तावन्नाचा."

आमच्याकडच्या खेड्यात हे नवं नाही. मेलेल्या पोराचा कागद फुकट घालवायचा नाही, पुढच्याला लावायचा. पण माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. मी उठून उभाच राहिलो.

"गाढवा! चौदा वर्षं माझ्याबरोबर राहतोस आणि हे आज सांगतोस? सोहागला वकील लावू. भावाचा मृत्यू नोंदवायचा, तुझा जन्म नव्यानं नोंदवायचा. डॉक्टर वय ठरवून देतो. तीन वर्षं मिळाली की नाही?"

"साक्षीदार लागंल."

"आई आहे ना?"

शाझलीनं भाकरी पुन्हा उचलली, एक घास मोडला. मग म्हणाला, "ती न्हाई सांगायची. तिच्याम्होरं आजवर कुनी त्येला मेला म्हनलं न्हाई. ईदच्या सकाळी समद्या बाया रोट्या घिऊन कबरस्तानात जात्यात. माजी आई दारात उबी ऱ्हाते. अब्बा गेला तरी गेली न्हाई. तितं गेलं म्हंजे त्यो तितं हाय असं व्हईल ना."

मी म्हणालो, "मी बोलतो तिच्याशी." माझा आत्मविश्वास तेव्हा बघायला हवा होता. इकाम्याच्या ऑफिसातल्या अबू नासिरला मी पटवतो, तर एका म्हातारीचं काय!

दुसऱ्या दिवशी शाझलीच्या चुलतभावानं, हमदीनं, तिच्यासमोर फोन धरला. काळी शाल, हनुवटीवर गोंदलेलं, डोळे मात्र चांगलेच लखलखीत. गाव तिला उम्म शाझली, म्हणजे शाझलीची आई, म्हणे; मी आदरानं हाज्जा म्हटलं.

"हाज्जा, मी रिफअत. शाझलीबरोबर राहतो."

"भाजीत लसूण कमी घालतोस त्यो तूच न्हवं?"

शाझली हसला. मीही हसलो आणि सगळं सांगितलं. नियम, साठ, सत्तावन्न, नादिया. तिनं सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाली, "मी बोलले तर काय व्हईल?"

"शाझलीला तीन वर्षं मिळतील. नादिया डॉक्टर होईल."

"आन् न्हाई बोलले तर?"

मी शाझलीकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"तर ऑक्टोबरात तो घरी येईल, हाज्जा."

"मंजे एक मेला म्हनून सांगायचं, तवा दुसरा लांब ऱ्हानार." तिनं शाल सारखी केली. "ब्येस हाय तुजा कायदा."

"कायदा माझा नाही."

"मग त्येची वकिली कशापायी करतोस?"

शाझलीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "आई, ऱ्हाऊ दे. न्हाई तर न्हाई." पण त्याचा आवाज ज्या तऱ्हेनं निघाला, तो तिनं ऐकला. मीही ऐकला.

अकरा दिवस तिनं काही कळवलं नाही. मी मात्र रोज शाझलीच्या मागे लागायचो, पुन्हा विचार, पुन्हा विचार. शेवटी तो चिडून म्हणाला, "तुला तुजी आई हाय का न्हाई?" बाराव्या दिवशी हमदीचा फोन आला, हाज्जा तयार आहे.

जबानी जूनमध्ये झाली. हमदीनं कचेरीत फोन खिशाला अडकवून ठेवला होता. आम्हाला टेबलाची कड, कारकुनाचा चहाचा पेला आणि तिचे दोन हात दिसत होते.

"मुलाचं नाव?"

"शाझली."

"कधी वारला?"

"शेवटचा पूर आला त्येच्या आदल्या हिवाळ्यात. नंतर नदीला कंदी पूर आलाच न्हाई, धरन झालं."

"कशानं?"

"ताप व्हता. मी बडीशेप उकळून पाजली. समदी प्याला व्हता."

"एवढी वर्षं नोंद का केली नाही, हाज्जा?"

तिचे हात एकमेकांत अडकले. "त्येचं नाव चालू व्हतं की घरात."

कारकून लिहायचा थांबला. मग म्हणाला, "म्हणजे तो वारला, असं तुम्ही सांगता? तोंडानं सांगावं लागेल."

"वारला," ती म्हणाली. "माजा शाझली वारला."

शेजारी बसलेल्या शाझलीनं दोन्ही तळवे तोंडावर घेतले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण मला मनातून बरं वाटत होतं. काम झालं होतं. माझा स्वभावच तसा, शिक्का बसला की मला माणसाचं तोंड दिसत नाही.

अंगठा झाल्यावर वकिलानं तिला विचारलं की, दुसऱ्या मुलाचं नाव काय लावायचं, तेच ठेवू का? ती म्हणाली, "त्येला येगळं नाव व्हतं. त्येच्या बानं कागद लावायच्या आदी, चाळीस दीस." काय नाव, ते काही तिनं सांगितलं नाही. "त्येचं त्येला सांगंन. आदी तोंड तर दावू दे."

परत येताना तिनं हमदीला गाडी कबरस्तानाशी थांबवायला लावली. आठवी-नववी कबर ओलांडून थेट एका जागी गेली, हमदी म्हणाला, जशी रोज जात असावी. मग घरी येऊन दाराशी बाकडी टाकायला लावली. तीन दिवस गाव सांत्वनाला येत होतं, सत्तावन्न वर्षांपूर्वी गेलेल्या अडीच वर्षांच्या पोरासाठी. कुणी कुणी गोंधळून शाझलीच्या बायकोचंच सांत्वन केलं. एकानं तर इथं शाझलीला फोन करून विचारलं की, बाबा, तू आहेस ना? शाझली खूप हसला, आणि मग जेवला नाही.

आता माझी चूक सांगतो. वकिलानं मला विचारलं होतं की, मृत्यूची नोंद लगेच होईल, जन्माचा दावा मात्र कोर्टात जाईल आणि कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागतेय, तर थांबून दोन्ही बरोबर करायचं का? मी म्हणालो, आधी जे होईल ते उरकून टाका. एकवीस वर्षं कागदांत घालवलेल्या माणसानं हे सांगितलं! आमच्या देशात प्रत्येकाला जन्मापासून एक नंबर असतो. शाळा, लष्कर, लग्न, पासपोर्ट, सगळं त्या एका नंबराला टांगलेलं. तो नंबर शाझलीचा नव्हता, भावाचा होता, आणि भावाला आम्ही मेला म्हणून नोंदवलं होतं.

ऑगस्टमध्ये शाझलीचा पासपोर्ट संपत आला म्हणून मी वकिलातीत नवा करायला टाकला. चौथ्या दिवशी खिडकीतल्या बाईनं अर्ज परत सरकवला.

"हा माणूस मयत आहे."

"कोण?"

"तुमचा अर्जदार. जूनमध्ये नोंद झालीय. तुम्हाला माहीत नाही?"

शाझली माझ्या मागेच उभा होता, हातात टोपी घेऊन. बाईनं त्याच्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं. वाईट नव्हती ती. म्हणाली, "दीड महिना मुदत आहे या पासपोर्टाला. तोवर घरी जा, दादा, आणि कोर्टात जिवंत व्हा. इथून काही होणार नाही."

त्याच आठवड्यात नियम पुन्हा बदलला. साठीच्या वरचेही राहू शकतात, जास्तीची फी आणि आरोग्य विमा भरला की झालं. आमच्या कंपनीतल्या सातही म्हाताऱ्यांचे इकामे मी एका सकाळी करून आणले. त्यांनी बासबूसा, म्हणजे रव्याची मिठाई, वाटली. आठवा शाझली. त्याला फक्त चालू पासपोर्ट हवा होता. आम्ही काहीच केलं नसतं, म्हातारीला दारात उभं राहू दिलं असतं, तर तो आज इथं असता.

मी ते त्याला सांगितलं तेव्हा तो गच्चीवर यंत्राला कान लावून बसला होता. त्यानं डोळे उघडले नाहीत. मला वाटलं ओरडेल, मारेल. मारायला हवं होतं.

"ह्या सात नंबरचा पंखा बदलायला सांग," तो म्हणाला. "लॅपटॉपवाल्यांना कळायचं न्हाई."

"शाझली, मला माफ कर."

"तू काय मुद्दाम केलंस?" मग थोड्या वेळानं, "आईला मातुर नियम बदलल्याचं सांगू नगंस. ती म्हनंल, उगाच मारला त्येला."

सप्टेंबरच्या शेवटी तो गेला. तेहतीस वर्षांचं सामान दोन बॅगांत आणि एका खोक्यात बसलं. विमानतळावर मी सईदी माणसाचा एक जुना विनोद सांगायला घेतला आणि मध्येच विसरलो. तोच म्हणाला, "म्होरं असं हाय..." आणि त्यानं तो पुरा केला.

जन्माचा दावा अजून चालू आहे. दोनदा तारीख पडली, दोनदा पुढे गेली. तोवर तो कागदावर कुणीच नाही. सोहागमध्ये फ्रीज दुरुस्त करतो, नादियाची बस आणि पुस्तकं त्यातून निघतात, पुढच्या वर्षाचं माहीत नाही. मी दर शुक्रवारी फोन करतो. गेल्या शुक्रवारी हाज्जानंच उचलला.

"हाज्जा, मी रिफअत."

"वळखलं. तुला शिव्या देऊ का दुवा, मला अजून कळंना झालंय. एक घालवलास, एक आनलास."

"दोन्ही द्या. कसा आहे तो?"

"हितंच हाय. अंगनात कुनाचा पंका खोलून बसलाय. थांब, बलावते." तिनं फोन कानापासून दूर नेला असावा. "जाबिर! ए जाबिर! फोन हाय!"

कोंबड्यांचा आवाज आला. कुणीतरी लोखंडावर ठोकत होतं, ते ठोकणं थांबलं नाही.

"जाबिर!" तिनं पुन्हा हाक मारली, मग मला म्हणाली, "बग. चार म्हयनं झालं, ह्या नावाला वळतच न्हाई."

"सवय नाही त्याला. शाझली म्हणून हाक मारा, हाज्जा, लगेच वळेल."

तिचा आवाज फोनच्या अगदी जवळ आला.

"कशी मारू?" ती म्हणाली. "त्यो मेला न्हवं? तूच तर लिवून घेतलंस."