साण्याखालचं स्नान

या, जरा जवळ सरकून बसा. टाळ बाजूला ठेवा. एका घराची गोष्ट सांगतो. घर लहान, एका गुंठ्यातलं. पण त्याच्या छताला हातभर भोक आहे, आणि सगळी गोष्ट त्या भोकातून खाली पडली.

कोंडीराम गवंडी मूळचा बेंबळीचा. चाळीस वर्षं त्यानं शहरात दुसऱ्यांचे स्लॅब टाकले आणि स्वतः बायकोला घेऊन भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहिला. शहराचं नाव घेत नाही, जिल्ह्यातलंच आहे. बायको सत्यभामा. भजनात मागं बसायची, पण तिचा आवाज लागला की पुढच्यांना सूर सापडायचा. दोन उन्हाळ्यांत तिला दोनदा ऊन लागलं. डॉक्टर म्हणाले, तिसरं सोसणार नाही. तेव्हा कोंडीरामानं तुळजापूरच्या पायऱ्यांवर बसून तिला शब्द दिला, की पुढला वैशाख पत्र्याखाली काढायचा न्हाय.

घर त्याच्या डोक्यात तयारच होतं. दाबलेल्या मातीच्या विटांच्या दीड फुटी भिंती, पश्चिमेला एकही खिडकी नाही, छताला पांढरा चुना, चारी बाजूंनी नियमाएवढी जागा मोकळी. आणि मधल्या खोलीवर साणं. माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात, वाढलेल्याला साणं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: छताला ठेवलेलं भोक. त्यातून उजेड खाली येतो, ऊब वर निघून जाते, विजेचं काम पडत नाही.

“आन् पाऊस आला तर?” सत्यभामेनं विचारलं.

“झडप लावतो की.”

“तुम्ही विसरचाल.”

“मग तू हायस न्हवं.”

उत्कर्ष नावाच्या पोरसवदा इंजिनिअरनं नकाशा काढला आणि कोंडीराम म्हणाला तसं मधल्या खोलीवर ‘साणं’ लिहिलं. मार्गशीर्षात कागद कचेरीत गेला. तिथले साहेब नुकतेच कोकणातून आलेले. त्यांना वाटलं, गावाकडच्या माणसाला ‘स्नान’ नीट लिहिता आलं नाही. त्यांनी लाल शाईनं शेरा मारला: मधल्या खोलीत स्नानगृह, निचऱ्याची सोय नाही, नामंजूर.

पहिल्या दिवशी नवरा-बायको पोट धरून हसले. उत्कर्षनं वाट सांगितली, की स्नानच राहू द्या, कागदावर एक मोरी काढतो, बांधताना साणं बांधा, सगळं शहर असंच बांधलंय. कोंडीरामाला ते पटेना. जन्मभर कीर्तनात पुढं बसून ऐकलेला माणूस. ज्या घरात देव बसवायचा, त्याचा पहिलाच कागद खोटा कसा करायचा?

“आवो, देवाला ठाव हाय ते साणं हाय,” सत्यभामा म्हणाली. “कागदाला कशाला शिकवत बसताय?”

त्यानं ऐकलं नाही. ‘साणं’च ठेवून कागद पुन्हा भरला. साहेब रजेवर गेले, मग त्यांची बदली झाली, मग निवडणुकीची आचारसंहिता लागली. तोवर शेजारच्या प्लॉटवर कुठल्याही कागदाशिवाय तीन मजले उभे राहिले, तेही थेट हद्दीवर. चैत्र गेला. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडीराम कचेरीच्या बाकावर, पंख्याखाली बसला होता. घरी आला तर सत्यभामा माठाला हात लावून पडलेली. शेजारणींनी तिला शेवटची आंघोळ घालायला बाहेरच्या हंड्यातलं पाणी घेतलं. ते तापवावं लागलं नाही.

मंजुरी ज्येष्ठात आली. कोंडीरामानं ती फाडली नाही. वर्षभर एकट्यानं खपून घर उभं केलं. वीट लावताना एकच गोष्ट त्याच्या मनात फिरायची: सत्य राखलं आणि सत्यभामा घालवली. कीर्तनात हरिश्चंद्राला बायको आणि पोरगा शेवटी परत मिळतात. तो भाग आला की आताशा तो उठून बाहेर जातो. देवावर रुसलाय म्हणा, पण बाहेर पायरीवरच बसतो, लांब जात नाही.

पुढल्या वैशाखात घराची शेवटची तपासणी करायला नवे साहेब आले. बाहेर अंगाची लाही होत होती. साण्यातून उजेडाचा एक चौकोन फरशीवर पडलेला. साहेबांनी मान पुसली, एसी कुठं लावलाय म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर छताकडं बघत राहिले. मग त्यांनी कागद उघडला. नव्या मंजुरीतही जुनाच शब्द तसाच उतरला होता.

“इथं स्नानगृह दाखवलंय,” ते म्हणाले. “स्नान कुठंय?”

कोंडीराम त्या उजेडाच्या चौकोनाकडं बघत होता.

“झालं साहेब,” तो म्हणाला. “पत्र्याखालीच झालं.”

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी कागदावर स्नानगृहापुढं बरोबरची खूण केली आणि सही केली.

तर मंडळी, घर अजून उभं आहे. पावसाळ्यात झडप लावायची राहून जाते, आणि मधली खोली भिजते. कधी भर दुपारी छतातून असा उजेड पडलेला दिसला, तर घटकाभर थांबा आणि मागच्या रांगेत बसून गाणाऱ्या सत्यभामेची आठवण काढा.